डझनातलं पहिलं केळं

कसबा पेठ, २० जानेवारी

प्रिय नंदा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टाचा आधार. कसब्यातून बिबवेवाडीला पत्र जायला तीन-चार दिवस लागतील, असं पोस्टातली मुलगी म्हणाली. वर म्हणाली, "आजोबा, चालत गेलात तर लवकर पोचाल." चालत येण्याइतका धीर नाही, म्हणून तिकीट घेतलं.

शनिवारी तू सभागृहातून उठलीस ती थेट रतनकडे गेलीस, हे त्याच्याच निरोपावरून कळलं. भावाकडे जायला माझी ना कधीच नव्हती. पण सत्तरीच्या बाईने ज्येष्ठ नागरिक संघाच्या भर कार्यक्रमातून, हातातला तिळगूळ खुर्चीवर ठेवून निघून जावं, आणि तेही नवऱ्याचं व्याख्यान चालू असताना, हे बरं दिसलं का? तो तिळगूळ नंतर संघाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या बद्रीनाथने खाल्ला.

व्याख्यान तू पुरतं ऐकलंच नाहीस. चांगलं झालं ग. 'डझन' या एका शब्दावर पाऊण तास बोललो. लॅटिनमधला 'दुओदेकिम', म्हणजे दोन आणि दहा. तो आपल्या 'द्वादश'चा चुलतभाऊ. फ्रेंचांच्या घरी जाऊन तो 'दूझेन' झाला, खाडी ओलांडून इंग्रजांकडे आला, आणि साहेबाबरोबर बोटीत बसून आपल्या मंडईत उतरला. उतरला तो परत गेलाच नाही. आंबे डझनावर, अंडी डझनावर, बांगड्या डझनावर, लग्नात द्यायचे हातरुमाल डझनावर. घरात माणसं जास्त झाली तरी आपण 'डझनभर पाहुणे' म्हणतो, मोजत नाही. मग मी सगळ्यांना हात वर करायला लावले. चार बोटांची पेरं अंगठ्याने मोजा म्हटलं. बारा! प्रत्येकाच्या हातात एक डझन जन्मापासून आहे. म्हातारी माणसं आपापली बोटं मोजत बसली होती, शाळेतल्यासारखी. फार गोड दृश्य होतं.

मग ते वाक्य आलं. मी म्हटलं, इंग्लंडातले पाववाले वजन कमी भरलं तर शिक्षा होईल या भीतीने डझनाला तेरा पाव देत, असं सांगतात. आमचे सासरे धोंडिबा मात्र निर्भय होते, मंडईत केळी विकताना त्यांचा डझन दोनपासून सुरू व्हायचा!

सगळं सभागृह हसलं. पाचवीत असताना कविता पाठ म्हटल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या, त्यानंतर तशी दाद परवाच मिळाली. बद्रीनाथ तर डोळे पुसत होता. हसण्यासारखंच होतं ना? त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. ते असते तर तेही हसले असते.

गॅसचं बटण दाबून फिरवायचं की फिरवून दाबायचं, तेवढं कळव.

तुझा,
दत्तप्रसाद


२८ जानेवारी

प्रिय नंदा,

उत्तर नाही. गॅसचं मी शोधून काढलं. दूध दोनदा उतू गेलं, पण ते माझ्या आणि दुधाच्या मधलं आहे.

तुला सांगायचं नव्हतं, पण तुला आधीच माहीत असणार. माझ्या भाषणाचा तेवढाच तुकडा कोणीतरी मोबाईलवर घेतला होता. पेरं मोजण्याचा भाग घेतला नाही, द्वादशचा घेतला नाही. 'निर्भय सासरे' तेवढे घेतले. बद्रीनाथने तो आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचे दत्तोबा जोरात!' मी तिथे हात जोडलेलं चित्र टाकलं. आता वाटतं, नसतं टाकलं तर बरं झालं असतं.

तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. काल रतनचा फोन आला. मी म्हटलं, वा, मेहुण्यांनी आठवण काढली.

तो म्हणाला, "दाजी, एक विचारू? त्या व्हिडिओत तुम्ही आबांचं नाव कशाला घेतलंत?"

मी म्हटलं, "अरे, गंमत होती ती."

"हो, गंमतच. सकाळी एक बाई आल्या. म्हणाल्या, डझनभर द्या, पण दोनपासून नको हं. दुकानात चारजण होते, सगळे हसले."

आणि नंदा, मीही फोनवर हसलो. त्या बाईंनी छान टोला मारला, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. रतन म्हणाला, "ठेवतो. गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक नव्हतं. मागे काहीच आवाज नव्हता.

त्याने जरा खेळकरपणे घ्यायला हवं, असं मी दिवसभर स्वतःला समजावलं. संध्याकाळपर्यंत समजूत पटली नाही. माझं बोलणं मलाच न पटण्याची ही तशी पहिलीच वेळ.

दत्तप्रसाद


६ फेब्रुवारी

नंदा,

काल मी बिबवेवाडीला आलो होतो. तू पाहिलं नाहीस. मी रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो, हातात खोकल्याची गोळी. मला खोकला नाही. नुसतं उभं राहिलं तर दुकानदार विचारतात.

दोन गोष्टी पाहिल्या.

एक म्हणजे रतनच्या दुकानावरची पाटी. 'केळी किलोवर मिळतील.' नवा काटा, आकडे लाल चमकतात. धोंडिबांच्या काळापासून तुमच्या घरात केळं कधी काट्यावर चढलं नव्हतं. मी डझनाची थोरवी पाऊण तास गायलो, आणि माझ्याच मेहुण्याच्या दुकानातून डझन उठला.

दुसरं म्हणजे तू. संत्र्यांच्या मागे स्टुलावर बसली होतीस, चष्मा कपाळावर. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना काट्यावरची नको होती. जुन्या सवयीचे असणार. तू फणी उचललीस आणि मोजायला लागलीस. वाहनांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, पण ओठ दिसत होते. पहिल्या केळ्याला तुझे ओठ उघडले आणि मग मिटले, आणि दुसरं मोजलंस तशी शेजारी उभी असलेली कॉलेजची दोन पोरं एकमेकांना कोपराने ढोसून हसायला लागली. एकाने मोबाईल काढला. तू थांबलीस. फणी काट्यावर ठेवलीस. गृहस्थांना आकडा दाखवलास.

पहिलं केळं उचलताना तुम्ही लोक 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणता. लाभ, दोन, तीन, चार, असं बारापर्यंत. तुझे वडील म्हणायचे, रतन म्हणतो, तू म्हणतेस. धान्य मापताना गावोगाव म्हणत आले आहेत. विकणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द बरकतीचा निघावा, म्हणून. पहिलं केळं मोजलेलं असतं, नुसतं त्याचं नाव वेगळं असतं.

हे मी माझ्या पहिल्या पत्रात लिहिलं नाही. व्याख्यानातही सांगितलं नाही. मला ठाऊक नव्हतं, असं तुला वाटू नये. वाटणारही नाही. तू म्हणूनच उठलीस.

मी रस्ता ओलांडला नाही. बस आली, बसलो.

द.


१२ फेब्रुवारी

प्रिय नंदा,

सकाळपासून मला मंडई आठवते आहे. मी नोकरीला नुकताच लागलो होतो, खिशात पाठ्यपुस्तकातल्या कवितांची वही घेऊन फिरणारा वेडा. तुझे वडील चहाला गेले होते आणि गाळ्यावर तू होतीस, दोन वेण्या, हिरवं परकर-पोलकं. मी डझनभर केळी मागितली. तू फणी हातात घेतलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "लाभ."

मला वाटलं, मलाच म्हणालीस.

पुढचे आकडे मी ऐकलेच नाहीत. घरी येऊन वहीत लिहिलं: 'बारा मोजलीस तू सखे, मला पहिलंच पुरे.' भिकार ओळ आहे, मात्रा चुकली आहे. पण लग्नानंतर तुला वाचून दाखवली तेव्हा तू म्हणालीस, "अहो, मग उरलेली अकरा परत करायची होती ना!" आठवतं?

म्हणजे तो शब्द माझ्याइतका कोणालाच माहीत नव्हता. आणि तोच मी गाळला. सांगितला असता तर विनोद झाला नसता. पावाची गोष्ट सांगून झाली, लोक नुकते कुठे जागे झाले होते, आणि मला दिसलं की 'लाभ' एवढा एक शब्द उचलून बाजूला ठेवला तर पुढे हशा आहे. कवी यमकासाठी शब्द गाळतात, मी हशासाठी गाळला. तू पहिल्या रांगेत होतीस हेही मला दिसत होतं. नवी जांभळी साडी. मला वाटलं, तूही हसशील. आणि नाही हसलीस तर घरी समजूत काढू. एवढाच हिशेब केला होता मी तुझा.

अजून एक. आमच्या संघात सगळे कोणी ना कोणी होते: इंजिनियर, प्राध्यापक, बँकेतले. बद्रीनाथने मागे विचारलं होतं, "सासुरवाडीचे करतात काय?" मी 'फळांचा व्यापार' म्हटलं होतं. व्यासपीठावर मी 'केळी विकताना' म्हणालो तेव्हा आपण किती मोकळे आहोत, असं मला वाटलं. मोकळा वगैरे काही नव्हतो. लोकांनी हसण्याआधी आपणच हसून घ्यावं, तसं होतं ते. आणि तिथे कोणीही हसणार नव्हतं, नंदा. मी हसवलं म्हणून हसले.

आज बद्रीनाथला बागेत गाठलं. म्हटलं, पुढच्या शनिवारी मला दहा मिनिटं हवीत. दुरुस्ती करायची आहे.

"कसली दुरुस्ती? लॅटिन चुकलं का?"

"लॅटिन बरोबर आहे. सासरे चुकले."

तो म्हणाला, "दत्तोबा, लोकांनी विसरायचं ठरवलं असेल तर तुम्ही कशाला आठवण करून देताय? आणि त्या दिवशी मधुमेहावर डॉक्टर येणार आहेत. त्यांच्या आधी पाच मिनिटं देतो. पाचच."

शाळेत कविता म्हणताना मधली ओळ गाळली तर गुरुजी खाली बसू देत नसत. "पहिल्यापासून," एवढंच म्हणत. तुला हे सांगून काय उपयोग, पण आज दिवसभर तो आवाज कानात आहे.

तुझा,
दत्तप्रसाद


२२ फेब्रुवारी

प्रिय नंदा,

काल बोललो. पाच मिनिटं मिळाली, मी आठ घेतली. 'लाभ' सांगितला. तुझ्या वडिलांचं नाव पुन्हा घेतलं, यावेळी नीट. मला ते ठाऊक असूनही मी मुद्दाम गाळलं, हेही सांगितलं. मध्ये मधुमेहाच्या डॉक्टरांनीच पाणी पुढे केलं.

कोणी हसलं नाही. कोणी रागावलंही नाही. मागून एकाने विचारलं, "आज चहा बिनसाखरेचा आहे का?" मोबाईल कोणी वर केला नाही.

जिना उतरताना बद्रीनाथ म्हणाला, "माफी फार लांबली हो. विनोद कसा, एका वाक्यात होता." नेहमीच्या तिरकसपणे म्हणाला, पण मग माझा हात धरून शेवटची पायरी उतरवली. संध्याकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं, 'दत्तोबांनी खुलासा केला आहे.' खाली तीन अंगठे आले. त्यातला एक त्याचाच.

मला मात्र हलकं वाटत होतं. तुला सांगायलाच हवं की मला बरं वाटत होतं, कारण पुढे जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही. मी उत्साहाने रतनला फोन केला. म्हटलं, "रतन, आज सगळ्यांसमोर मान्य केलं. अगदी भर सभेत."

तो नीट बोलला. माझ्यावर ओरडला असता तर सोपं गेलं असतं. म्हणाला, "चांगलं केलंत दाजी. पण सभेतली माणसं माझ्याकडे केळी घ्यायला येत नाहीत."

पाहिलंस ना? मी पुन्हा टाळ्यांच्याच जागी गेलो होतो.

बुधवारी चारला दुकानात येतो. यावेळी रस्त्याच्या तुमच्या बाजूला. तू आत निघून गेलीस तरी चालेल.

दत्तप्रसाद


२५ फेब्रुवारी, बुधवार, घरी परतल्यावर

प्रिय नंदा,

आज तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस, म्हणून उरलेलं लिहितो. तू तिथेच होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं, ते तुला माहीत नसेल.

मी आलो तेव्हा रतनने खोकं उलटं करून पुढे सरकवलं. "बसा दाजी." मी बसलो. तू संत्री पुसत होतीस. एकच संत्रं बराच वेळ पुसलंस.

अर्धा तास कोणी आलं नाही. मग त्या बाई आल्या. रतनचा चेहरा पाहून मी ओळखलं, 'दोनपासून नको' म्हणाल्या होत्या त्याच ह्या. त्यांनी केळी मागितली, रतनने फणी काट्याकडे नेली, आणि मी उठून ती त्याच्या हातातून घेतली. इतकी वर्षं तुमच्या घरची केळी खाल्ली, फणी धरायची कशी ते मला येत नाही.

"लाभ," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की बाई पुढे वाकल्या. "दोन. तीन."

"अहो, तुम्ही त्या व्हिडिओतले आजोबा ना?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा ना, हे एकापासून का दोनपासून?"

रतन रस्त्याकडे बघत होता. तुझा हात संत्र्यावर थांबला होता.

मी म्हटलं, "बाई, लाभ म्हणजेच एक. ह्यांच्याकडे पहिल्याला तसं म्हणतात. मला ते माहीत होतं. लोक हसावेत म्हणून मी ते लपवलं. ह्यांचे वडील माझे सासरे. त्यांच्या डझनात कधी अकरा नव्हती."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. मग खरंच नवल वाटून विचारलं, "पण मग स्वतःच्या सासऱ्यांबद्दल असं कशाला बोललात?"

तुला जे जे लिहिलं त्यातलं काहीही तिथे तोंडून निघेना. हशा, टाळ्या, फळांचा व्यापार, सगळी कारणं त्या फळांसमोर फार बारीक वाटली. मी म्हटलं, "लाज वाटते," एवढंच. बाईंनी पिशवीची कड सारखी केली. मी मोजायला लागलो. कुठपर्यंत आलो होतो ते आठवेना, म्हणून पहिल्यापासून. लाभ, दोन, तीन, चार, पाच...

तेव्हा तू म्हणालीस, "ते पाचवं दबलंय. बदला."

सव्वा महिन्यात ऐकलेला तुझा पहिला आवाज. मी बदललं. बारा पुरी केली. बाईंनी पिशवी उघडली, केळी घेतली आणि म्हणाल्या, "बरं झालं कळलं. आता एकदा वजनही करून दाखवा." अस्सल आपल्या गावच्या. रतनने वजन करून दाखवलं. पाटी अजून तशीच आहे, मी पाहिली. ती आज उतरेल असं मला वाटलंही नव्हतं. थोडंसं वाटलं होतं.

निघताना मी म्हटलं, मलाही एक डझन दे. तू माझ्याकडे न पाहता पिशवी भरलीस. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पहिल्या केळ्याला काय म्हणालीस ते मला दिसलं नाही, तू मान खाली घातली होतीस. रतन पायरीपर्यंत आला. म्हणाला, "उद्या संध्याकाळी गर्दी असते दाजी." एवढं म्हणून आत गेला.

घरी येऊन पिशवी ओट्यावर उपडी केली. मोजली. मोठ्याने मोजली, घरात ऐकायला कोणी नसताना. बारा भरली. आणि तळाशी आणखी एक होतं, तेच, पाचवं, दबलेलं.

तू ते का घातलंस, याचं संदर्भासह स्पष्टीकरण मी करणार नाही. पाववाल्यांची गोष्ट तर आता या घरात नकोच. फक्त एवढं कळवतो की त्याचं शिकरण केलं. दबलेल्या केळ्यांचं तू करायचीस तसं, वेलची घालून. साखर जास्त पडली. निम्मं खाल्लं, निम्मं तुझ्या वाटीत काढून झाकून ठेवलं. मग आठवलं, शिकरण सकाळपर्यंत काळं पडतं.

तेव्हा रात्री तेही मीच खाईन आणि वाटी धुऊन पालथी घालीन. हे पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतील. मी उद्या चारला येतो.

तुझा,
दत्तप्रसाद